उत्तर न द्यायचा प्रश्न

माणसाला अलंकार दोन ठिकाणी मिरवता येतात. ज्याच्याकडे पैसा आहे तो अंगावर मिरवतो आणि ज्याच्याकडे बुद्धी आहे तो बोलण्यात मिरवतो. माझ्या बोलण्यात तर इतके अलंकार असतात, की मी तोंड उघडलं की शेजारच्याला सराफाचं दुकान उघडल्याचा भास व्हावा!

हे वाक्य मी सकाळी आरशासमोर दाढी करताना मोठ्याने म्हटलं. मागून बायको म्हणाली, "अहो, ती टूथपेस्ट आहे. दाढीचा साबण डावीकडे."

असो. सांगायचा मुद्दा असा, की उभी हयात मी वर्तमानपत्रात तिरकस सदर लिहिलं. लोकांना कोपरखळ्या मारून संसार चालवला. त्यामुळे भाषेतले अलंकार, मग ते मराठी असोत की इंग्रजी, माझ्या घरी पाणी भरतात अशी माझी समजूत आहे. पाणी भरण्याचा विषय पुढे येईलच.

तर माझा मेहुणा. म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो आमच्याकडेच राहतो आणि वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांतून हिंडायचं, तराजू तपासायचे, खोटी वजनं पकडायची. खात्यात त्याला 'काटा' म्हणतात. तपासणीच्या पितळी वजनांची एक चामडी बॅग तो आई लेकराला घेऊन फिरते तशी घेऊन फिरतो. पन्नाशीला टेकला तरी लग्न नाही, कारण तोलूनमापून बोलण्याची खोड. एका मुलीची आई कौतुकाने म्हणाली, "आमची मुलगी लाखात एक आहे." ह्याने विचारलं, "बाकीच्या कोणी मोजल्या?"

तेव्हापासून स्थळं येणं बंद.

असा हा माणूस एके दिवशी जेवताना म्हणाला, "ताई, मी संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जातो."

"खात्याची परीक्षा आहे?" मी विचारलं.

"नाही."

"परदेशी निघालास?"

"नाही."

"मग कशाला?"

"बाई छान शिकवतात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. सदऱ्याला इस्त्री होती! हा माणूस इस्त्रीला उधळपट्टी मानतो.

"बाईंचं वय काय रे?" बायकोने भाजी वाढता वाढता सहज विचारलं.

"असेल चाळिशीच्या पुढे. अंदाजे."

'अंदाजे' हा शब्द माझ्या मेहुण्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारला होता. प्रकरण गंभीर होतं!

पण त्यात एक विघ्न होतं. इंग्रजीतल्या अलंकारांची चाचणी झाली होती आणि मेहुण्याला भोपळा मिळाला होता. पुढच्या चाचणीतही तसंच झालं तर त्याला सकाळच्या कच्च्या गटात बसवणार होते. आणि सकाळच्या गटाला बाई शिकवत नव्हत्या. एक मिशाळ मास्तर शिकवत होते.

"काय लिहिलं होतंस तू?" मी विचारलं.

"दगडाचं काळीज म्हणजे काय, असा प्रश्न होता. मी लिहिलं, डॉक्टरांना दाखवावे."

"पुढे?"

"वेळ हाच पैसा, हे स्पष्ट करा. मी लिहिलं, दोन्हींची मापे वेगळी. अशी तुलना कायद्याने करता येत नाही."

"बाई काय म्हणाल्या?"

"काही म्हणाल्या नाहीत. फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभ्या होत्या. खांदे हलत होते."

मी ताटावरून उठलो, हात धुतले आणि बाह्या सरसावल्या. "उद्यापासून तुझी शिकवणी माझ्याकडे! आठवड्याभरात तुझ्या बोलण्याला असे घुंगरू बांधतो, की तू 'पाणी दे' म्हणालास तरी लोक 'वाहवा' म्हणतील!"

"नुसतं पाणी मिळालं तरी चालेल," मेहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून बैठकीच्या खोलीत आमची शाळा भरली.

"भावोजी, सिमिली आणि मेटाफर ह्यांत फरक काय?"

"अगदी सोपं! सिमिलीत 'सारखा' असतो. मेटाफर तो 'सारखा' गिळून टाकतं. 'तुझी ताई वाघिणीसारखी आहे' ही झाली सिमिली. 'तुझी ताई वाघीण आहे' हे झालं मेटाफर."

आतून आवाज आला, "कोण वाघीण?"

"मेटाफर!" मी ओरडलो.

"असल्या बायका घरात आणायच्या नाहीत, सांगून ठेवते!"

मी दार लोटून घेतलं आणि पुढच्या अलंकाराला हात घातला. "हायपरबोल. म्हणजे अतिशयोक्ती."

"बाई त्याला हायपर्बली म्हणतात."

"बाई अजून तरुण आहेत. शिकतील. हं, उदाहरण ऐक. मला इतकी भूक लागलीय की मी आख्खा हत्ती खाईन!"

मेहुण्याने वही बाजूला ठेवली. "आख्खा?"

"आख्खा!"

"ठेवणार कुठे?"

"अरे, खायचा नाहीये!"

"मग आख्खा कशाला सांगितलात?"

ह्यावर मी पाणी प्यायलो आणि आयरनीकडे वळलो. आयरनी हे माझं माहेर! "हे बघ, वाईटाला चांगलं म्हणायचं. पण असं म्हणायचं की समोरच्याला मिरची झोंबली पाहिजे. कुणी उशिरा आलं की म्हणायचं, वा, काय वेळेवर आलात! कळलं?"

"कळलं. खोटं बोलायचं."

"खोटं नव्हे! खोटं बोलून खरं सांगायचं!"

मेहुण्याने मान डोलावली. तो मान डोलावतो तेव्हा मला नेहमी वाटतं की त्याला कळलं. खरं म्हणजे तो तेव्हा नुसता स्थिर व्हायच्या बेतात असतो, पारडं होतं तसा.

दुसऱ्याच दिवशी एका किराणा दुकानात त्याला तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक सापडलं. एरवी त्याने मुकाट्याने तराजू जप्त केला असता. पण त्या दिवशी त्याच्या अंगात मी होतो! तो म्हणाला, "वा! काय अचूक काटा आहे! तुमच्यासारखा प्रामाणिक दुकानदार मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही!"

आता आयरनीला लागतो तो सूर. आणि माझ्या मेहुण्याचा सूर म्हणजे स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगतात तो! दुकानदाराचे डोळे भरून आले. तो हात जोडत राहिला आणि मेहुणा मिरची झोंबण्याची वाट बघत राहिला. मिरची काही झोंबली नाही, आणि ह्या गडबडीत तराजू जप्त करायचा राहिला. संध्याकाळी दुकानावर पाटी लागली: 'खुद्द निरीक्षकसाहेब म्हणतात, असा प्रामाणिक दुकानदार पाहिला नाही!'

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मेहुण्याला केबिनमध्ये बोलावलं. "हे तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो साहेब. पण ती आयरनी होती."

"ती कोण? ती होती तर पंचनाम्यावर तिची सही का नाही घेतली?"

मेहुण्याने पुन्हा जाऊन तराजू जप्त केला आणि पाटीही उतरवून आणली. घरी येऊन ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "भावोजी, दुसरं काही शिकवा. ज्यात बोलावं लागणार नाही असं."

दुसरा कुणी असता तर खचला असता. पण मी मुळात शिक्षक नाही, त्यामुळे मला अपयश येऊच शकत नाही! मी मांडीवर थाप मारली.

"रेटॉरिकल क्वेश्चन!" मी म्हणालो. "हा अलंकार तुझं माप घेऊनच शिवलाय! ह्यात काहीही बोलायचं नसतं!"

"म्हणजे?"

"काही प्रश्न हे प्रश्नच नसतात. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. अशा प्रश्नाला जो उत्तर देतो तो अडाणी. शहाणा माणूस गालातल्या गालात हसतो आणि मान जराशी खाली घालतो. बास!"

नेमकी त्याच वेळी बायको खरकटी भांडी उचलायला आली आणि म्हणाली, "मी काय जन्मभर तुमच्या दोघांची भांडीच उचलत बसू?"

"बघ! बघ!" मी आनंदाने टाळी वाजवली. "ह्याला उत्तर आहे का?"

"आहे. नाही, असं आहे."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. म्हणून ते द्यायचं नाही. नुसतं हसायचं."

आम्ही दोघेही गालातल्या गालात हसलो आणि माना खाली घातल्या. बायकोने भांडी तिथेच ठेवली आणि ती मैत्रिणीकडे निघून गेली. त्या रात्री भांडी आम्ही घासली. पण मेहुण्याला धडा पक्का समजला होता!

"ओळखायचा कसा, भावोजी?" त्याने कढई घासता घासता विचारलं.

"विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. त्याला उत्तर माहीत आहे असं वाटलं, की तो रेटॉरिकल!"

हा नियम माझा स्वतःचा. कुठल्याही पुस्तकात सापडायचा नाही.

रविवारी आमच्याकडे प्लंबर आला होता. त्याने न्हाणीघरातला गळका नळ काढला, नवा नळ 'एवढा बसवून ठेवा' म्हणून खिडकीत ठेवला आणि कसली तरी चावी फिरवायला गच्चीवर गेला. मेहुणा बैठकीत वहीत डोकं घालून बसला होता. मी न्हाणीघरात नव्या नळाची पाहणी करत होतो, कारण घरात कामगार असला की कुणीतरी पाहणी करावी लागते.

वरून प्लंबर ओरडला, ते बैठकीतच काय ते ऐकू आलं, "खाली नळ बसलाय ना? पाणी सोडू?"

मेहुण्याने विचार केला. नळ काढणारा हा, बसवणारा हा. बसलाय की नाही हे ह्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? विचारणाऱ्याला उत्तर माहीत आहे! मेहुणा गालातल्या गालात हसला आणि त्याने मान खाली घातली.

प्लंबरने पाणी सोडलं.

मी, माझा चष्मा आणि डाव्या पायातली चप्पल असे तिघेही न्हाणीघरातून वेगवेगळ्या दिशांनी बाहेर आलो! पाणी बैठकीतून दाराबाहेर आणि जिन्यावरून खाली निघालं, जणू त्याला कुणी खाली चहाला बोलावलंय. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर डोक्यावर छत्री धरून वर आले आणि कडाडले, "तुम्हाला काही जनाची नाही तर मनाची लाज आहे की नाही?"

मेहुण्याने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग तो गालातल्या गालात हसला आणि त्याने मान खाली घातली.

डॉक्टर आमच्याशी अजूनही बोलत नाहीत. पण मला सांगा, मेहुण्याने प्रश्न बरोबर ओळखला होता की नाही? मी ओल्या टॉवेलात उभा होतो, तरी माझी छाती अभिमानाने फुगली!

आणि फळ मिळालंच. पुढच्या चाचणीत मेहुणा पास झाला! बाकीचे अलंकार काठावर, पण रेटॉरिकल क्वेश्चनला पैकीच्या पैकी. बाई त्याला म्हणाल्या, "कुणी शिकवलं हो तुम्हाला?" ह्यालाही त्याने उत्तर दिलं नाही. त्यामुळे माझं नाव काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

वर्ग सुटल्यावर दोघं बसच्या थांब्यापर्यंत बरोबर चालत जाऊ लागली. बाई बोलायच्या, हा ऐकायचा. बसमध्ये चढल्या की बाई खिडकीतून हात करायच्या. बायकोने तर मनातल्या मनात पाहुण्यांच्या याद्या सुरू केल्या होत्या.

आणि मग तो गुरुवार उगवला. मेहुणा संध्याकाळी घरात शिरला तो शर्यत जिंकल्यासारखा. "भावोजी! आज दोन ओळखले! लागोपाठ दोन!"

"वा रे पठ्ठ्या! कुणाचे?"

"बाईंचे!"

बायको डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. "काय विचारलं त्यांनी? नीट सांग."

"थांब्यावर उभे होतो. बाई म्हणाल्या, दुसऱ्या गावच्या शाळेत त्यांना कायमची नोकरी मिळतेय. रविवारी निघावं लागेल. मग म्हणाल्या, 'जाऊ का मी?' मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. उत्तर त्यांना माहीत होतं. मी हसलो आणि मान खाली घातली."

"शाब्बास!" मी म्हणालो.

"मग त्या म्हणाल्या, 'तुम्हाला काहीच म्हणायचं नाही का?' हा तर फारच सोपा होता!"

"मग पुढे?" बायकोचा आवाज खाली आला होता.

"मग बस आली. त्या चढल्या. आज खिडकीतून हात केला नाही. दुखत असेल."

बायकोच्या हातातला डाव खाली पडला. "गाढवा!"

"मेटाफर!" मेहुणा आनंदाने ओरडला.

"अरे, मेटाफर गेलं खड्ड्यात! निरोप घेताना आपण कधी 'जाऊ का' म्हणतो? 'येऊ का' म्हणतो! घरातून निघालेलं माणूससुद्धा 'येतो' म्हणून निघतं. ती 'जाऊ का' म्हणाली, म्हणजे खरंच विचारत होती. जायचं की राहायचं, ते. तुला!"

"मला?"

"नाही, बसच्या कंडक्टरला!"

"त्याला काय माहीत असणार?"

"आयरनी आहे रे ती, आयरनी!" मी समजुतीने म्हणालो.

बायको माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही! तुम्हाला कुणी सांगितला होता हा आगाऊपणा?"

मी गालातल्या गालात हसलो आणि मान खाली घातली.

मेहुणा मात्र खुर्चीत बसला तो बसलाच. ताट पुढ्यात आलं, गार झालं, तरी त्याने हात लावला नाही. शेवटी म्हणाला, "ताई, माझ्याकडे उत्तर होतं गं. थांब्यावरच होतं. मला वाटलं, द्यायचं नसतं."

बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की त्या पाहण्याला कुठल्याच भाषेत अलंकार नाही.

पण पडत्या काळात डोकं शाबूत ठेवतो तोच खरा गुरू! मी लगेच नवा बेत आखला. "आता फुलोरा नको. सरळ मामला. बाईंनी दोन प्रश्न विचारले, तू दोन उत्तरं द्यायची. क्रमाने. शिक्षक माणसाला क्रमाने दिलेलं उत्तर आवडतं. उद्या वर्गात शिरायचं आणि बाई काही बोलायच्या आत सांगून मोकळं व्हायचं!"

दुसऱ्या दिवशी मी जातीने बरोबर गेलो. वर्ग एका शिंप्याच्या दुकानावर भरतो. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून दाराच्या फटीला डोळा लावला. आत एक ट्रक ड्रायव्हर, दोन नर्सा, एक चष्म्यांच्या दुकानातला माणूस आणि फळ्यापाशी बाई. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या. डोळे लाल दिसत होते. खडूचीही धूळ असेल, पण मी अनुभवी माणूस आहे.

दुर्दैव असं, की मेहुणा खोलीत शिरला आणि बाकाशी बॅग ठेवून उभा राहिला तोवर बाईंनी वर्गाला विचारून टाकलं होतं, "मागचा धडा सगळ्यांना नीट समजला ना? कुणाला काही शंका आहे?"

मेहुणा खणखणीत आवाजात म्हणाला, "पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही! दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आहे! पुष्कळ आहे!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, एक श्वास घेतला आणि फळा पुसला. "बरं. मग पहिल्यापासून सांगते."

"तसं नव्हे, बाई! मी त्या प्रश्नांबद्दल—"

"शंका शेवटी विचारायच्या."

"अहो काका," ट्रक ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "आज लवकर सुटणार होतो ना आम्ही! गाडीत टोमॅटो आहेत!"

दोन्ही नर्सांनी मेहुण्याकडे असं पाहिलं, जणू त्याला इंजेक्शन द्यायचं तर कुठली सुई घ्यावी ह्याचा विचार चाललाय. मेहुणा लालबुंद झाला, आणि तो जो दारातून सुटला तो मला ओलांडून, जिना उतरून, शिंप्याच्या कापडांतून थेट रस्त्यावर!

दोन दिवस तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होता. रविवारी सकाळी मात्र एकदम उठून बसला. "माझी बॅग! सरकारी वजनं! वर्गातच राहिली!" आणि अंगातल्या सदऱ्यानिशी, इस्त्रीबिस्त्री काही न पाहता, धावत सुटला.

तो गेला आणि पाठोपाठ आमच्या दाराची घंटा वाजली. दार उघडतो तर समोर बाई! अंगावर प्रवासाचे कपडे, खांद्याला लांब पट्ट्याची पर्स, आणि दोन्ही हातांनी कशीबशी उचलून धरलेली मेहुण्याची बॅग.

"हे त्यांचं ओझं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "वर्गाच्या वहीत हा पत्ता होता. एवढं त्यांना द्या. गाडी खाली थांबलीय, माझं सामान आहे तिच्यात."

आता वेळ माझी होती! "दोन मिनिटं बसल्याशिवाय जायचं नाही!" मी त्यांना कोचावर बसवलं, बायकोला चहा टाकायला पिटाळलं आणि माझी जड सागवानी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर घेतली. मग तिच्यात असा बसलो, जसा खटला चालवायला वकील उभा राहतो.

काय बोललो म्हणता! आयुष्यात असा बोललो नाही. मी म्हणालो, "बाई, माझ्या मेहुण्याचं मौन म्हणजे नकार नव्हे. विहीर बोलत नाही, म्हणून तिच्यात पाणी नसतं का?"

बाई पर्स घेऊन उठल्या. अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. विहिरीचा परिणाम!

"त्याला मी शिकवलं," मी म्हणालो. "मी! उत्तर देऊ नकोस म्हणून मी सांगितलं. तो आज्ञाधारक आहे. असा माणूस नवरा म्हणून—"

"ते कळलं, पण माझं जरा—" बाई म्हणाल्या.

"कळतंय! तुमचं मन मला कळतंय!"

त्या पुन्हा उठल्या आणि ह्या वेळी तर धपकन बसल्या. माझ्या शब्दांत एवढी ओढ आहे हे मलाही नवीन होतं!

"अहो, माझा पट—"

"पटतंय ना? पटणारच!"

खालून गाडीचा हॉर्न वाजला. बाई कासावीस झाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मी विहिरीवरून समुद्रावर गेलो, समुद्रावरून दीपस्तंभावर गेलो आणि दीपस्तंभावरून खाली कसं उतरावं ह्या विचारात असतानाच दारात मेहुणा उभा राहिला. घामाघूम, केस विस्कटलेले, सदऱ्याची गुंडी चुकलेली.

त्याने आधी बाईंकडे पाहिलं. मग बॅगेकडे पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा, बॅग उघडून वजनं न मोजता, त्याने पुन्हा बाईंकडे पाहिलं.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली होती.

"बॅग आणून दिली," बाई हळूच म्हणाल्या. "गाडी थांबलीय. जाऊ ना मी?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, ह्याला उत्तर असतं का?"

मी तोंड उघडणार तोच बायको ओरडली, "अरे असतं! असतं रे!"

मेहुणा बाईंकडे वळला. "एकट्या नका जाऊ," तो म्हणाला.

खाली गाडीचा हॉर्न पुन्हा वाजला.

"वजनं काय, त्या गावातही असतातच," मेहुणा एका दमात बोलला. "खोटीही असतील. मी उद्याच बदली मागतो. गुरुवारीही हेच उत्तर होतं. तुम्ही बसमध्ये चढलात तेव्हापासून माझा काटा शून्यावर येत नाहीये."

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसत होते. "हा कुठला अलंकार?"

"अलंकार नाही," मेहुणा म्हणाला. "तक्रार आहे."

बाई खळखळून हसल्या. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या, "दाखल करून घेतली. आज मला हजर व्हायला निघावंच लागेल. पण बदली लवकर मागा." बायकोने ट्रे टेबलावर ठेवून पदराने डोळे टिपले. मेहुणा उभ्या उभ्या नुसता हसत होता, आणि ह्या वेळी त्याची मान ताठ होती.

आणि माझं काय? मी खुर्चीत मागे रेललो. जाणाऱ्या बाईला मी शब्दांनी बांधून ठेवलं होतं! दोन जीवांची गाठ माझ्या विहिरीने, माझ्या समुद्राने मारली होती! मी घसा साफ केला, कारण आता माझ्याबद्दल दोन शब्द बोलले जाणार हे उघड होतं.

झालंही तसंच. बाई माझ्याकडे वळल्या आणि लाजत म्हणाल्या, "भावोजी..."

भावोजी! लग्नाआधीच! माझा ऊर भरून आला.

"बोला, बोला!" मी म्हणालो. "संकोच करू नका!"

"एक छोटीशी विनंती होती. जरा उठता का? माझ्या पर्सचा पट्टा मघापासून तुमच्या खुर्चीच्या पायाखाली अडकलाय."